पौलाची पत्रं आणि ५२ तावांची एक वही: पपायरस ४६ विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या, ख्रिस्ती भागाच्या जुन्या हस्तलिखितांविषयी बोलायला बसलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. त्यातले बरेचसे प्रश्न मला स्वतःलाही एके काळी पडले होते. उत्तरं शोधता शोधता मी या एका हस्तलिखितापाशी येऊन थांबलो आणि अजून तिथेच रमलो आहे. म्हणून इथली उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी थांबलो आहे.

एक गोष्ट आधी ठरवून घेऊ. खाली ‘पान’ म्हणजे दोन बाजू असलेलं अख्खं पान आणि ‘पृष्ठ’ म्हणजे त्याची एक बाजू. हा फरक पुढे कामाला येईल.

पपायरस ४६ म्हणजे नेमकं काय?

पौल म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतला प्रचारक. त्याच्या पत्रांचा ग्रीक भाषेतला, इजिप्तमध्ये पपायरसवर हाताने लिहिलेला हा संग्रह. आज जगात असलेल्या अशा संग्रहांमध्ये हा सर्वांत जुना मानला जातो. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सन २०० च्या आसपास, म्हणजे साधारण १७५ ते २२५ च्या दरम्यान धरतात. मूळ वहीत १०४ पानं होती, त्यांपैकी ८६ आपल्यापर्यंत पोचली. पौलाने ही पत्रं इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिली असं धरलं, तर पत्र आणि ही नक्कल यांच्यात अंतर पडतं ते दीडशे वर्षांच्या आसपास.

‘४६’ हा आकडा वयाचा आहे का?

नाही. तो नोंदणीचा क्रमांक आहे. नव्या कराराच्या पपायरसांची आंतरराष्ट्रीय यादी आहे आणि हस्तलिखितं जसजशी उजेडात आली तसतसे त्यांना क्रमांक मिळत गेले. क्रमांक लहान म्हणजे हस्तलिखित जुनं, असा हिशेब इथे लागू होत नाही.

ही वही सापडली कुठे?

इजिप्तमध्ये, एवढं नक्की. पण ती जमिनीतून कुणी पद्धतशीर उत्खनन करून काढलेली नाही. ती जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या हातून बाजारात आली, आणि व्यापारी आपल्या मालाचं ठिकाण खरं सांगतोच असं नाही. जर्मन अभ्यासक कार्ल श्मिट यांनी त्या काळी चौकशी केली, तेव्हा त्यांच्या कानावर आलं की नाईलच्या पूर्व काठावर, जुन्या अफ्रोडिटोपोलिसच्या (आताच्या अतफीहच्या) परिसरात, एका दफनभूमीत मडक्यांमध्ये हे पपायरस होते. इजिप्तमधल्याच फायूम या भागाचंही नाव घेतलं जातं. मडक्याची गोष्ट मनाला पटते, कारण कोरड्या वाळूत मडक्यात ठेवलेला पपायरस खरोखरच टिकतो. तरी ती ऐकीव गोष्ट आहे आणि ऐकीव म्हणूनच सांगितली पाहिजे.

मला याची चुटपुट लागते ती वेगळ्या कारणाने. वही मातीतून निघाली तेव्हा तिच्या शेजारी काय होतं, कुणाचं थडगं होतं, आणखी कुठले कागद होते, हे एकदा पुसलं गेलं ते कायमचं. हस्तलिखित वाचलं, पण त्याचं घर हरवलं.

मग एकाच वहीची पानं दोन देशांत कशी गेली?

विकणाऱ्यांनी वही सुटी केली आणि पानं टप्प्याटप्प्याने विकली. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने आधी ६ आणि मग २४ अशी ३० पानं मिळवली. ती आज अ‍ॅन आर्बरला आहेत. दुसरे खरेदीदार होते अल्फ्रेड चेस्टर बीटी. हे न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले खाण अभियंते. खाणउद्योगात अमाप पैसा मिळवला आणि तो पूर्वेकडच्या हस्तलिखितांवर, चित्रांवर खर्च केला. त्यांच्याकडे आधी १० पानं आली, नंतर आणखी ४६. ही ५६ पानं आज आयर्लंडमध्ये, डब्लिनला त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत.

त्या काळी ब्रिटिश म्युझियमचे माजी संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांनी बीटींच्या पपायरसांची बातमी नोव्हेंबर १९३१ मध्ये जाहीर केली. १९३४ मध्ये त्यांनी पौलाच्या पत्रांची पहिली दहा पानं छापली, १९३५ मध्ये मिशिगनच्या हेन्री सँडर्स यांनी आपल्याकडची तीस पानं प्रसिद्ध केली, आणि १९३६ मध्ये केन्यन यांनी बीटींची उरलेली पानं धरून पुरवणी काढली. म्हणजे वही पुन्हा जुळली ती छापील ग्रंथात. प्रत्यक्षात अजूनही डब्लिनचं पान संपतं तिथे वाक्य अर्धवट राहतं आणि त्याचा पुढचा भाग अटलांटिकपलीकडे असतो.

पपायरस म्हणजे कागदच ना?

कागद नव्हे. कागदात लगदा असतो. पपायरस हे नाईलच्या दलदलीत वाढणारं लव्हाळ्याच्या कुळातलं उंच झाड. त्याच्या तिधारी दांड्याची साल काढून आतल्या गराच्या लांब पट्ट्या काढायच्या, त्या एकमेकींशेजारी उभ्या मांडायच्या, वर दुसरा थर आडवा मांडायचा, दाबायचं, वाळवायचं आणि घोटून गुळगुळीत करायचं. त्यामुळे एका बाजूला धागे आडवे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला उभे. फोटो मोठा करून पाहिलात तर हे विणकामासारखं जाळं स्पष्ट दिसतं. आडव्या धाग्यांवर लिहिणं सोपं, उभ्यांवर बोरू अडखळतो.

बोरू हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. तिथलीही लेखणी वेताची, टोक छाटलेली होती, आणि शाई काजळी व डिंकाची. आपल्याकडे पोथ्या लिहिणाऱ्यांना हे साहित्य लगेच ओळखीचं वाटलं असतं.

त्या काळी गुंडाळ्या वापरत ना? मग ही वही कशी?

ग्रीक-रोमन जगात ग्रंथ म्हणजे गुंडाळी. प्लेटो, होमर, सगळे गुंडाळीवर. वही, म्हणजे ताव दुमडून शिवलेलं पुस्तक, हिशेबाला आणि कच्च्या टिपणांना. ख्रिस्ती लोकांनी मात्र आपल्या शास्त्रग्रंथांसाठी अगदी लवकर वहीचा आकार उचलला. का, यावर पुष्कळ वाद आहेत. पानाच्या दोन्ही बाजू वापरता येतात, नेमकं वचन पटकन काढता येतं, प्रवासात बाळगायला सोपी, ही कारणं नेहमी दिली जातात. मला सर्वांत पटणारं कारण असं की पौलाची पत्रं सगळी एकत्र ठेवायची तर एका गुंडाळीत ती मावतच नाहीत. वहीत मावतात. आपल्याकडे सुट्या पानांची पोथी आणि शिवलेलं बाड यांत जो फरक आहे, त्यातलं हे बाड.

‘५२ ताव एकदम दुमडले’ म्हणजे काय? त्याला एवढं महत्त्व का?

माझ्या मते या हस्तलिखिताची किल्ली इथेच आहे.

आजचं जाड पुस्तक लहान लहान जुड्या शिवून बांधतात. पपायरस ४६ तसं नाही. लेखकाने, म्हणजे नक्कल करणाऱ्याने, ५२ ताव एकावर एक ठेवले आणि सगळा गठ्ठा एकदम मधोमध दुमडला. झाली १०४ पानं, २०८ पृष्ठं. शाळेतली पिना मारलेली वही असते ना, अगदी तशी, फक्त फार जाड.

मी एकदा जेवणाच्या टेबलावर साध्या कागदाचे ५२ ताव घेऊन हे करून पाहिलं. दोन गोष्टी लगेच कळल्या. पहिली, घडी नीट बसतच नाही. मधली पानं कडेने बाहेर डोकावतात, आणि कडा एकसारख्या करायच्या तर मधली पानं अरुंद कापावी लागतात. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. अशा वहीत पुढचं आणि मागचं पान जोडलेलं असतं. शाळेत मागचं पान फाडून होडी केली की पुढचं एखादं पान आपोआप सुटून यायचं, ते आठवा. इथे पहिलं पान आणि एकशे चौथं पान एकाच तावाची दोन अर्धी. दुसरं आणि एकशे तिसरं, तसंच.

आता हे लावून पाहा. या वहीची पहिली ७ पानं हरवली आहेत. म्हणून रोमकरांस पत्राची सुरुवात नाही आणि मजकूर पाचव्या अध्यायाच्या १७ व्या वचनापासून सुरू होतो. शेवटचीही ७ पानं हरवली आहेत. बाहेरचे सात ताव गेले, पुढून आणि मागून एकदम. आठवं पान आहे, तर त्याचा जोडीदार, सत्त्याण्णवावं पानही आहे. नववं आणि दहावं नाही, तर पंच्याण्णवावं आणि शहाण्णवावंही नाही. सात आणि सात चौदा, वर चार, एकूण अठरा. एकशे चारमधून अठरा गेले की शहाऐंशी. हिशेब पानापानाला जुळतो.

पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता. पृष्ठांच्या वर मधोमध ग्रीक अक्षरांत पृष्ठांक घातलेले आहेत, त्यामुळेच हे सगळं मोजता येतं.

तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली पत्रं यात नाहीत. म्हणजे ती नंतर रचली गेली?

या वहीवरून तसं सिद्ध होत नाही. अनेक जण घाईने हा निष्कर्ष काढतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

उरलेल्या शेवटच्या पानावर थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा शेवट आहे. त्यापुढची ७ पानं, म्हणजे १४ पृष्ठं हरवलेली. त्यात काय होतं? थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र असणार हे बहुतेक सगळे मान्य करतात आणि ते आरामात मावतं. पण त्यानंतर तीमथ्याला दोन, तीताला एक आणि फिलेमोनाला एक, एवढं सगळं उरलेल्या जागेत बसत नाही. केन्यन यांच्यापासून पुष्कळांनी म्हटलं की मग ती पत्रं यात नव्हतीच.

पण लेखकाचा हात पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. सुरुवातीला तो ऐसपैस लिहितो. वहीचा मध्य ओलांडला की दाटी सुरू होते. ओळीत अक्षरं जास्त, पृष्ठावर ओळी जास्त. सगळ्या वहीत पृष्ठामागे ओळी २६ पासून ३२ पर्यंत जातात. एका घडीच्या वहीत पानांची संख्या लिहायला बसण्याआधी ठरलेली असते. मधली घडी आली की निम्मी वही संपली हे डोळ्यांना दिसतं, आणि मजकूर निम्म्याहून जास्त उरला असेल तर घाम फुटतो. ज्याला थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रापाशी थांबायचं होतं, त्याला एवढी दाटी करायची गरज काय? १९९८ मध्ये जेरेमी डफ यांनी हाच मुद्दा मांडला: लेखकाला पुढची पत्रंही घ्यायची असावीत, आणि जागा कमी पडली तर शेवटी जादा ताव जोडणं अशक्य नव्हतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. मला त्याचं वजन जास्त वाटतं, कारण दाटी डोळ्यांनी दिसते. तरी हरवलेल्या पानांवरून ‘होतं’ किंवा ‘नव्हतं’ असं ठामपणे कुणीच म्हणू नये. त्या पत्रांच्या कर्तृत्वाचा वाद भाषा, विषय आणि इतर साक्षींवर चालतो. या वहीवर तो सोडवता येणार नाही.

पत्रांचा क्रम आपल्या बायबलपेक्षा वेगळा का?

क्रम असा आहे: रोमकरांस, इब्री लोकांस, करिंथकरांस पहिलं आणि दुसरं, इफिसकरांस, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं. ढोबळमानाने मोठं पत्र आधी, लहान नंतर.

लक्ष वेधून घेतं ते इब्री लोकांस पत्र. छापील बायबलमध्ये ते पौलाच्या पत्रांच्या शेवटी असतं, कारण ते मुळात कुणी रचलं याची शंका प्राचीन काळापासून आहे. पत्रात रचणाऱ्याचं नावच नाही. इथे मात्र ते रोमकरांस पत्राला खेटून, थेट दुसऱ्या क्रमांकावर. हा संग्रह ज्यांनी लावला त्यांच्या मनात हे पत्र पौलाचंच होतं. पौलाने ते खरंच लिहिलं का, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. इजिप्तमधले काही ख्रिस्ती लोक इसवी सन २०० च्या आसपास काय मानत होते, ते मात्र समजतं.

अक्षर कसं आहे?

पृष्ठावर एकच रकाना, अक्षर मोठं, सरळ, सुटं. पान साधारण २८ सेंटिमीटर उंच आणि १६ सेंटिमीटर रुंद. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. सगळा मजकूर सलग. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. मोडीतही शब्द तोडत नाहीत, वाचणाऱ्याने अर्थ लावत तोडायचे. फरक एवढाच की मोडीत हात न उचलता धावतं लिहितात आणि इथे प्रत्येक अक्षर वेगळं उभं आहे.

आणखी एक खूण लगेच नजरेत भरते. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त असे शब्द पूर्ण लिहिलेले नाहीत. दोन-तीन अक्षरं आणि वर आडवी रेघ. ‘थेओस’ म्हणजे देव, त्याची फक्त पहिली आणि शेवटची अक्षरं. जागा वाचवायला केलं असेल असं वाटतं, पण पत्रांतल्या लांबलचक शब्दांना ही सवलत नाही. हा आदराचा रिवाज आहे. ग्रीक येत नसलं तरी पानावर या रेघा शोधून पाहा. काही मिनिटांत पवित्र नावं कुठे कुठे आहेत ते तुम्हाला दिसू लागेल.

लिहिणारा कोण होता?

नाव माहीत नाही. पण तो नवशिका नव्हता. काही पत्रांच्या शेवटी दुसऱ्या कुणाच्या हाताने ओळींची संख्या टिपलेली आहे. इब्री लोकांस पत्राखाली ७०० चा आकडा आहे. या ओळी पानावरच्या ओळी नव्हेत, ते ठरलेलं माप आहे. साधारण पंधरा-सोळा शब्दावयवांची (सिलेबलांची) एक ओळ, होमरच्या एका चरणाएवढी. नक्कल करणाऱ्याची मजुरी या मापावर ठरत असे. शंभर वर्षांनी, ३०१ साली, सम्राट डायोक्लेशनने दरांची कमाल मर्यादा ठरवून दिली, त्यात उत्तम अक्षराच्या शंभर ओळींना २५ दिनार आणि दुय्यम अक्षराला २० असा भाव आहे. म्हणून या आकड्यांवरून अनेकांना वाटतं की हे काम मजुरी घेणाऱ्या, सराव असलेल्या माणसाचं असावं.

सराव होता, पण चुकाही भरपूर आहेत. एकाच शब्दाने संपणाऱ्या दोन ओळींमध्ये डोळा घसरून मधला मजकूर गाळणं, अक्षर उलटसुलट होणं, असं वारंवार घडतं. पुढे दुसऱ्या हातांनी काही ठिकाणी दुरुस्त्या केल्या. ग्युंटर त्सुंट्स या अभ्यासकाने मांडलेलं मत मला फार मोलाचं वाटतं: नक्कल निष्काळजी, पण ज्या प्रतीवरून ती केली ती प्रत अतिशय चांगली. लेखकाच्या घसरणी बाजूला काढल्या की खाली उरतो तो जुना, स्वच्छ पाठ.

वय कसं ठरवलं? काही जण पहिल्या शतकातलं म्हणतात.

वहीवर तारीख नाही. वय ठरतं ते अक्षराच्या वळणावरून. ज्यांवर तारीख आहे अशी करारपत्रं, अर्ज, पावत्या इजिप्तमध्ये हजारोंनी मिळाल्या आहेत. त्यांच्या अक्षराशी तुलना करायची. मोडीचा जाणकार कागद हातात घेऊन हा शिवकालीन, हा पेशवाईतला, हा इंग्रजी अमदानीतला असं सांगतो, तीच विद्या. तिची मर्यादाही तीच. एखादा म्हातारा कारकून तरुणपणी शिकलेलं वळण पन्नास वर्षं गिरवत राहतो.

केन्यन यांनी तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध म्हटलं. उल्रिख विल्केन यांनी २०० च्या आसपास. १९८८ मध्ये यंग क्यू किम यांनी पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात नेऊन ठेवलं, त्यावर बरीच चर्चा झाली, पण ते मत टिकलं नाही. इंटरनेटवर ‘पहिल्या शतकातलं हस्तलिखित’ असं फिरतं ते बहुधा तिथून. असं वाचलंत तर ते पुढे पाठवू नका. जुनं आहे म्हणून आणखी जुनं सांगायची गरज नाही.

नव्या कराराचं सर्वांत जुनं हस्तलिखित हेच का?

पौलाच्या पत्रांचा संग्रह म्हणून, हो. पण मँचेस्टरमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा हाताच्या पंजापेक्षाही लहान तुकडा आहे, पपायरस ५२. तो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात. त्यावर मोजक्या ओळी. इथे शहाऐंशी पानं. तुकड्यावरून एखादा ग्रंथ अस्तित्वात होता हे कळतं. वहीवरून तो ग्रंथ कसा वाचला, लावला, जपला जात होता तेही कळतं. पूर्ण नवा करार असलेली सिनाई हस्तलिखितासारखी मोठी चामड्याची पुस्तकं येतात ती चौथ्या शतकात, याच्या दीडएकशे वर्षांनंतर.

मजकूर आपल्या बायबलपेक्षा वेगळा आहे का?

बहुतेक ठिकाणी नाही. काही ठिकाणी आहे. त्यातल्या चार जागा सांगतो.

करिंथकरांस पहिलं पत्र, तेरावा अध्याय, प्रीतीचं स्तोत्र म्हणून सगळ्यांना माहीत असलेला. तिसऱ्या वचनात, मी आपलं शरीर जाळण्यासाठी दिलं पण प्रीती नसली तर काही लाभ नाही, असा आशय आपण ऐकत आलो. पपायरस ४६ मध्ये ‘जाळण्यासाठी’ नाही. तिथे ‘मला प्रौढी मिरवता यावी म्हणून’ असा अर्थ आहे. हा फरक पडला कशाने? ग्रीकमध्ये ‘कौथेसोमाय’ आणि ‘कौखेसोमाय’. एका अक्षराचा फेर, थ आणि ख. ग्रीक थ म्हणजे गोलात आडवी रेघ, ख म्हणजे फुली. चौथ्या शतकातली व्हॅटिकन आणि सिनाई ही मोठी हस्तलिखितंही इथे या वहीच्या बाजूने उभी आहेत. अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांनी ‘प्रौढी’ मुख्य मजकुरात घेतलं आणि ‘जाळणं’ तळटीपेत नेलं. वाद अजून संपलेला नाही. पण थोडं थांबून विचार करा: स्वतःचं शरीर अर्पण करणारा माणूससुद्धा मनात मोठेपणा मोजत असू शकतो. त्या अध्यायाच्या ओघात हे किती अचूक बसतं!

दुसरी जागा इफिसकरांस पत्राची पहिलीच ओळ. ‘इफिस येथील’ हे शब्द इथे नाहीत. गंमत म्हणजे पत्राच्या माथ्यावर शीर्षक आहे, ‘इफिसकरांस’. म्हणून अनेकांचं म्हणणं की हे पत्र मुळात एका गावासाठी नव्हतं, अनेक मंडळ्यांत, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांत, फिरवण्यासाठी होतं.

तिसरी जागा तर कुठेच दुसरीकडे सापडत नाही. रोमकरांस पत्राचा समारोप करणारी स्तुती आपल्या बायबलमध्ये सोळाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. काही हस्तलिखितांत ती चौदाव्याच्या शेवटी येते. या वहीत ती पंधराव्याच्या शेवटी आहे, आणि मग सोळावा अध्याय, म्हणजे सलाम आणि निरोप. यावरून रोमकरांस पत्राची पंधरा अध्यायांतच संपणारी एखादी प्रत एके काळी असावी, असा तर्क केला जातो.

चौथी जागा त्याच सोळाव्या अध्यायात, सातवं वचन. अंद्रोनीकाबरोबर जिचं नाव आहे ती यूनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. पुढच्या काळात अनेकांनी तिला पुरुष ठरवून नाव बदललं. इथे लेखकाच्या हातून ‘युलिया’ पडलं आहे, बहुधा नजरचूक. पण ‘युलिया’ हे निःसंशय बाईचं नाव. चुकतानासुद्धा त्याच्यासमोर एक बाईच होती.

मग बायबल बदललं गेलं असं म्हणायचं का?

हाताने नक्कल केलेल्या कुठल्याही ग्रंथात फरक पडतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत पाठभेद शिरले म्हणूनच एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. पाठभेद दिसतात कारण प्रती अनेक आहेत, आणि प्रती अनेक आहेत म्हणूनच ते तपासता येतात. श्रद्धावंताने यातलं काही लपवू नये, आणि टीकाकारानेही एका अक्षराचा डोंगर करू नये.

मराठी बायबलवर याचा काही परिणाम झाला का?

सुरुवातीच्या मराठी भाषांतरांवर होणं शक्यच नव्हतं. सेरामपूरहून विल्यम केरी यांच्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी नवा करार छापला, तेव्हा ही वही इजिप्तच्या मातीत होती. पंडिता रमाबाईंची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि एप्रिल १९२२ मध्ये निधन होण्याआधी जेमतेम ते काम हातावेगळं केलं. पपायरसाची बातमी आली त्यानंतर नऊ वर्षांनी. एकेका ग्रीक शब्दाशी झटणाऱ्या त्या बाईच्या टेबलावर ही पानं असती तर, असं मला नेहमी वाटतं.

आज ग्रीक नव्या कराराच्या प्रत्येक चिकित्सक आवृत्तीत या वहीची साक्ष नोंदलेली असते, आणि नवी भाषांतरं त्या आवृत्त्यांवरून होतात. त्यामुळे तिचा आवाज आता मराठीपर्यंतही पोचतो, बऱ्याचदा तळटीपेतून.

प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

डब्लिनला चेस्टर बीटी संग्रहालय डब्लिन कॅसलच्या आवारात आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. उजेडाने पपायरस खराब होतो म्हणून एका वेळी मोजकीच पानं मांडतात. त्याच संग्रहालयात मुघल चित्रांचाही फार सुंदर संग्रह आहे, तोही चुकवू नका. जाणं शक्य नसेल तर दोन्ही संस्थांकडच्या पानांची उत्तम छायाचित्रं इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

ग्रीक येत नाही. कुठून सुरुवात करू?

कुठल्याही एका पृष्ठाचं छायाचित्र उघडा आणि मोठं करा. आधी धागे बघा, उभे की आडवे. मग वर मधोमध पृष्ठांक शोधा. मग रेघ असलेली नावं. मग खालची कड, जिथे पान झिजून शेवटच्या काही ओळी गेल्या आहेत. यानंतर पहिल्या काही पानांतलं एक आणि शेवटच्या भागातलं एक शेजारी शेजारी ठेवा आणि ओळी मोजा. दाटी कशी वाढत गेली ते दिसेल. आपल्याला जागा पुरेल का, अशी काळजी करणारा एक माणूस, हातात बोरू घेऊन, त्या ओळींमध्ये अजून बसलेला आहे.